क्लार्नेटवाल्याच्या हिरड्या

क्लार्नेट वाजवायला छाती लागते असं लोकांना वाटतं. छाती लागतेच, पण तिच्याआधी वरचे पुढचे दोन दात लागतात. खालचा ओठ सूर काढणाऱ्या वेताच्या पत्तीखाली गादीसारखा घालायचा आणि वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवायचे, म्हणजे सगळा भार त्या दोघांवर. हे मला वडिलांनी अकराव्या वर्षी शिकवलं आणि पुढची पस्तीस वर्षं मी त्यावर एकदाही विचार केला नाही. पाय आहेत म्हणून आपण चालतो, तसं दात आहेत म्हणून मी वाजवत होतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फलक, काय म्हणाल ते. आणि लग्नसराईत मी आमच्या बँडचा मास्तर. हा दुहेरी धंदा वडिलांनी जमवला. पत्रिका छापायला आलेला माणूस जाताना बँड ठरवून जायचा, आणि बँड ठरवायला आलेल्याला वडील आधी विचारायचे, "पत्रिका कुठं टाकलायसा?" मीही तेच करत आलो. फरक एवढाच की वडील पन्नाशीतच वाजवायचे थांबले. दम पुरत नाही म्हणाले, क्लार्नेट माझ्या हातात दिलं आणि छापखान्यातल्या खुर्चीत जाऊन बसले, ते शेवटपर्यंत.

माझ्या हिरड्यांतून रक्त कधीपासून येत होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. सकाळी दात घासून चूळ टाकली की बेसिनमध्ये गुलाबी पाणी. ब्रश कडक असेल म्हणून मऊ आणला. मग पेस्ट बदलली. मग गुलाबी पाण्याची सवय झाली. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे काळजी करायला जागाच नव्हती. पुढच्या दोन दातांमध्ये हळूहळू फट पडली, तर एका पत्रिकावाल्यानं सांगितलं की अशी फट असलेला माणूस भाग्यवान असतो. मी ते लगेच मान्य केलं.

बायकोनं मात्र वेलदोडे आणायला सुरुवात केली. चहाबरोबर बशीत दोन वेलदोडे ठेवायची आणि काही बोलायची नाही. मला वाटलं, लाड चाललेत. एक दिवस मी तिला पत्रिकेचा मजकूर जवळ जाऊन दाखवत होतो, तर ती दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "तितनंच वाचा, मला ऐकू येतंय की."

"डोळ्यांनी बघ म्हणतोय मी, कानानं न्हवं."

"अहो, तुमच्या तोंडाचा वास येतोय," ती म्हणाली. "वरीस झालं. सांगायचं कसं म्हणून सांगितलं न्हाय."

मी रुसलो. दोन दिवस लांबूनच बोललो, म्हणजे तिला हवं तेच केलं.

आमच्या बँडमध्ये ढोल वाजवतो तो माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आवाज ढोलापेक्षा मोठा. त्याला मी दादा म्हणतो. त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर औषध असतं. त्याला मी नुसतं विचारलं, तर त्यानं हाताची बोटं मोजायला सुरुवात केली. मीठ आणि तेल लावून हिरड्या चोळायच्या. तुरटीच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. पेरूचा पाला चावायचा. बाभळीची काडी. हे सगळं मी केलं. पाल्यानं तोंड बरं वाटायचं, तुरटीनं तोंड आवळायचं, आणि आठवड्यानं सगळं पहिल्यासारखं.

"दाताच्या डॉक्टरकडं जाऊ काय?" मी विचारलं.

"जाऊ नगंस!" दादा ओरडला. "ते मशीन लावून साफ करत्यात. साफ केलं की दात हलाय लागत्यात. आमच्या मेव्हण्याचं तसंच झालं."

म्हणून मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला न जाण्यासाठी कारण हवं होतं आणि दादानं ते दिलं.

मार्गशीर्षात गारगोटीच्या पुढं एका गावात लग्न होतं. दुपारची वेळ, नवरदेव घोड्यावर, आणि वरात मारुतीच्या देवळाकडं निघालेली. अशा वेळी देवळासमोर थांबून एक लांब तान घ्यायची आमची पद्धत. तान वर चढत जाते, दादाचा ढोल खाली थांबतो, आणि सगळ्यात वरच्या सुरावर मी श्वास संपेपर्यंत टिकतो. तिथं लोक शिट्ट्या मारतात. त्या दिवशी मी वर गेलो, सूर धरला, आणि वरचा डावीकडचा दात आत सरकला. दुखला नाही. ओल्या जमिनीत रोवलेली काठी कशी कलते, तसा नुसता कलला. त्याबरोबर ओठाची पकड सुटली आणि क्लार्नेटमधून असा आवाज निघाला की घोडा मागच्या मागं दोन पावलं गेला. नवरदेवानं आयाळ घट्ट धरली. पोरं खिदळली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, मांजरावर पाय पडला काय?"

दादानं प्रसंग सांभाळला. ढोल एवढ्या जोरात घातला की पुढं मी वाजवतोय की नाही हे कुणाला कळलंच नाही. मी वाद्य तोंडातून काढलं तेव्हा वाद्याच्या काळ्या तोंडावर रक्ताची लाल रेघ होती. ती रुमालानं पुसून रुमाल खिशात घातला आणि उरलेली वरात मी क्लार्नेट ओठांना लावून नुसता चाललो.

घरी आल्यावर बायकोला काही सांगितलं नाही, पण कपडे तीच धुते. रुमाल तिला सापडला. ती छापखान्यात आली तेव्हा मी पत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. रद्दीतले जुने कागद गठ्ठ्याखाली घालायची आमची रीत आहे. तिनं त्यातला एक कागद उचलला आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"ह्यो तुमीच छापलायसा काय?" तिनं विचारलं.

"कुठला?"

"वाचून दाखवतो थांबा." आमच्याकडं बायका 'दाखवतो', 'जातो' असंच बोलतात. ती मोठ्यानं वाचायला लागली, "हिरड्यांतून रक्त येते? तोंडाला दुर्गंधी येते? दातांमध्ये फटी पडत आहेत? दात हलत आहेत? दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. वेळीच तपासून घ्या."

ते पत्रक मीच छापलं होतं. सहा-सात महिन्यांपूर्वी एक तरुण डॉक्टरीणबाई आपल्या नव्या दवाखान्याचा मजकूर घेऊन आल्या होत्या. मी मुद्रितं तपासली होती. त्यांनी 'दुर्गंधि' ऱ्हस्व लिहिलं होतं, ते मी दीर्घ केलं. 'हिरड्यातून'वर अनुस्वार दिला. पहिली ओळ ठळक टाईपात घेतली, म्हणजे लांबून दिसावी. हजार प्रती छापून, मोजून, गठ्ठे करून दिल्या. एकेक अक्षर चार वेळा वाचलं आणि त्यातलं एकही माझ्याबद्दल आहे हे डोक्यात आलं नाही.

"जेवताना दात हलतोय त्यो बी दिसतोय मला. चारपैकी चार हायत तुमच्यात," बायको म्हणाली. "उठा."

दवाखाना आमच्या छापखान्यापासून पाच मिनिटांवर, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर. दुकान डॉक्टरांच्या वडिलांचं. जैनांचं जुनं दुकान, तीन पिढ्या तिथंच. डॉक्टर मॅडम पस्तिशीच्या असतील. मला बघून त्या म्हणाल्या, "काका, पत्रकं संपली नाहीत अजून."

"पत्रकाचं न्हाय," बायको म्हणाली. "पत्रकात लिहिलंय त्याचं हाय."

मी खुर्चीत आडवा झालो. वर दिवा, बाजूला पाण्याची नळी, आणि भिंतीपाशी वही घेतलेल्या मदतनीस बाई. मॅडमनी आधी आरसा घालून सगळं तोंड बघितलं. मग विचारलं, "ब्रश करताना रक्त येतंय?"

"येतं थोडं."

"किती दिवस झाले?"

मी बायकोकडं बघितलं. "दोन-तीन वरसं झाली की," ती म्हणाली.

"तंबाखू, मिसरी?"

"कधी हात लावला न्हाय," मी छाती काढून सांगितलं. आडवं पडून छाती काढता येते हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी एक बारीक सळई घेतली. तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा होत्या. ती दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत हलकेच सोडायची आणि किती खोल जाते ते बघायचं. एका दाताला सहा ठिकाणी. त्या आकडे सांगायच्या आणि मदतनीस बाई लिहून घ्यायच्या. "तीन, दोन, तीन. तीन, चार, तीन." छापखान्यात प्रतींचे आकडे ऐकून मोठा झालेला माणूस मी, ऐकताना बरं वाटत होतं. "पाच, चार, पाच." मला वाटलं, चढतंय म्हणजे चांगलं चाललंय. वरच्या त्या कललेल्या दाताशी त्या थांबल्या, पुन्हा एकदा सळई सोडली आणि म्हणाल्या, "सात." वहीवरचं पेन थांबलं. मग त्यांनी दोन बोटांत दात धरून हलवला. तो हलला. त्यांनी तो हलताना मला दाखवला नाही, पण मला जाणवलं.

मग क्ष-किरण फोटो काढला. सगळा जबडा एका लांबट चित्रात. माझंच हाडकुळं हसू पडद्यावर. मॅडमनी पेनाच्या टोकानं एक रेघ दाखवली.

"इथपर्यंत हाड पाहिजे होतं, काका. ते इथं खाली सरकलंय. पुढच्या चार दातांपाशी सगळ्यात जास्त."

"पण मला किडका दात एकबी न्हाय," मी म्हणालो.

"नाहीच. दात झकास हायत तुमचे. त्यांना धरणारं झिजलंय." त्या सरळ बसल्या आणि नीट सांगायला लागल्या. "दातांवर रोज चिकट थर बसतो. तो निघाला नाही की दगडासारखा घट्ट होतो आणि हिरडीच्या खाली उतरत जातो. त्यातल्या जंतूंनी हिरडी सुजते, रक्त येतं, वास येतो. मग हाड मागं सरतं. दुखत नाही, हाच घोळ आहे. दुखलं असतं तर तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला असता."

"साफ केलं की दात हलत्यात म्हणं."

"ते आधीपासनं हलतातच. दगडानं एकमेकांना चिकटून राहिल्यामुळं कळत नाही. तो काढला की कळतं, आणि लोक शिव्या आम्हाला घालतात." त्या हसल्या. मग एकदम विचारलं, "साखर तपासलीय कधी?"

"साखर कशाला? मला काय झालंय?"

"पाणी लई पित्यात," बायको मधेच म्हणाली. "आन् रात्रीचं तीनदा उठत्यात."

मॅडमनी मान हलवली. "तंबाखू नाही, दात किडलेले नाहीत, वय पन्नाशीच्या आत, आणि हाड एवढं गेलंय. मला शंका येते. साखर जास्त असली की हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरड्या खराब असल्या की साखर आटोक्यात येत नाही. घरात कुणाला होती?"

"कुणी तपासलीच न्हाय कधी."

"वडिलांचे दात?"

"पन्नाशीतच गेले," मी म्हणालो.

रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दिलं. संध्याकाळी कागद आला. उपाशीपोटीची साखर वाढलेली होतीच, पण गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडाही हवा त्याच्या बराच वर होता. छापखान्यात बसून मी तो कागद दोनदा वाचला. छपाईची चूक असेल असं क्षणभर वाटलं. चुका शोधायची सवयच ना. मग मला एकदम आठवले ते वडील, खुर्चीत बसलेले, समोरून वरात गेली की पायानं ताल धरणारे आणि 'दम पुरत नाही' म्हणणारे.

दादा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला विचारलं, "दादा, बाबांनी वाजवायचं का सोडलं?"

दादा नेहमी मोठ्यानं बोलतो. त्या दिवशी त्यानं आधी दाराकडं बघितलं आणि हळू बोलला. "दम न्हवता पुरत म्हणून न्हवं. काकाला दम रग्गड होता. पुढचं दोन दात गेलतं. कवळी बसवली, पण तिच्यावर सूर टिकंना. एकदा बिद्रीकडच्या लग्नात कवळी वाद्यासंगंच बाहेर आली. त्यो लई लाजला. मला म्हणाला, कुणाला सांगू नगंस, दम पुरत न्हाय म्हणून सांग."

"आन् तू मला तुरटी लावायला सांगितलंस."

"मला काय ठावं, दोघांचं दुखणं एकच हाय म्हणून?" दादा म्हणाला. मग बराच वेळ आम्ही दोघं पत्रिकांचे कोपरे सारखे करत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं जाऊन सरळ विचारलं, "वाजवता येईल काय मला परत?"

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "गेलेलं हाड सगळं परत येत नाही. आहे ते वाचवता येतं. तुम्ही साखर खाली आणा, मी हिरड्या बघते. पुढचे दात बहुतेक राहतील. खालचा एक राहणार नाही, तो सगळ्या बाजूंनी सुटलाय. आणि तोवर क्लार्नेट बंद."

"तोवर म्हणजे?"

"मी सांगेन तेव्हा."

पौषात लग्नं नसतात, त्यामुळे पहिला महिना सोपा गेला. हिरडीत सुई देऊन बधिर करायचं आणि आतपर्यंत साफ करायचं. एका बैठकीत तोंडाची एक बाजू. मशीनची गुणगुण कानात वाजायची. मला तो सूर ओळखू यायचा, त्यामुळे भीती कमी वाटायची. एकदा मी हातानं थांबायची खूण केली. मॅडमनी घाबरून नळी बाहेर काढली. "दुखतंय?"

"न्हाय," मी सुन्न तोंडानं म्हणालो. "तुमचं मशीन पट्टीत न्हाय."

मदतनीस बाईंनी तोंडावरचा मास्क धरून हसू दाबलं.

काढलेले दगडाचे तुकडे त्यांनी मला कापसावर ठेवून दाखवले. काळपट, खरखरीत. एवढे दिवस हे तोंडात घेऊन मी मंगलाष्टकांच्या आधी मंगल सूर काढत होतो. साफ केल्यावर दादा म्हणाला तसंच झालं, दात थोडे जास्त हलल्यासारखे वाटले. पण मॅडमनी पुढच्या दातांना आतल्या बाजूनं एक बारीक तार चिकटवून सगळ्यांना एकमेकांना बांधून टाकलं. खालचा एक दात काढला. तो निघाला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

खरी मेहनत घरी होती. ब्रश कसा धरायचा हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी शिकवलं गेलं. हिरडीकडं तिरका, छोटे छोटे फेरे, घासायचं नाही. दातांमधल्या फटींसाठी वेगळा बारीक ब्रश, बाटली धुतात तसा पण काडीएवढा. शिवाय चहातली साखर गेली, दुपारचा भात अर्धा झाला, सकाळी रंकाळ्याला एक फेरी आली आणि साखरेच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी आली. बायको पहिल्या आठवड्यात माझ्याबरोबर बिनसाखरेचा चहा प्यायली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मला साखर न्हाय बाई, पण चहाला पाहिजे," आणि स्वतःचा वेगळा करून घेतला.

माघात लग्नं लागली आणि खरी परीक्षा सुरू झाली. मास्तराशिवाय बँड कसा न्यायचा? शेवटी बिद्रीकडचा एक क्लार्नेटवाला मिळाला. तरुण, चांगला वाजवणारा, फक्त नव्या गाण्यांची हौस जास्त. मी घरी बसावं असं सगळ्यांचं मत पडलं. मला ते जमेना. मग मी बँडचा लाल कोट घालून वरातीत झांज घेऊन चाललो. झांजेला दात लागत नाहीत.

ओळखीचे लोक थांबवून विचारायचे, "मास्तर, झांज? काय झालं वो?"

"बढती झाली," दादा माझ्या आधी उत्तर द्यायचा.

पहिले दोन-तीन दिवस लाज वाटली. वडिलांनी काय सोसलं असेल ते त्या दिवसांत थोडं समजलं. त्यांनी निदान खुर्चीत बसून सोसलं, मी चारचौघांत झांज वाजवत सोसलं. पण मागच्या रांगेतून चालताना मला आमचा बँड पहिल्यांदा नीट ऐकू आला. पुढं असलं की स्वतःचाच आवाज ऐकू येतो. दादाचा ढोल दरवेळी वळणावर जरा पुढं पळतो हे मला पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. मी सांगितलं तर त्याला राग आला. पण पुढच्या लग्नापासून तो पळायचा थांबला.

फाल्गुनात मॅडमनी परत मोजलं. मागच्या दातांचे पाच आणि चार उतरून तीन झाले होते. रक्त येत नव्हतं. तीन महिन्यांची साखरही खाली आली होती. पुढच्या दाताला मात्र सहा. "हे आता उघडून साफ करावं लागेल," त्या म्हणाल्या. "साखर वर होती म्हणून थांबले होते. आता चालेल."

शस्त्रक्रिया म्हटल्यावर बायको घरातून देवाला नमस्कार करून निघाली. प्रत्यक्षात मी खुर्चीतच होतो, जागा, आणि वेळ लागला तास-सव्वा तास. हिरडीला चीर देऊन ती बाजूला केली, मुळं साफ केली, हाड भरून यावं म्हणून खड्ड्यात पांढरी भुकटी भरली आणि टाके घातले. दहा दिवस मऊ भात, पातळ आमटी, दही. तिखट बंद. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा रस्सा नाही, हे दुःख मी कुणाला सांगावं! ओठ इतका सुजला होता की दुसऱ्या दिवशी छापखान्यात एक पावणं पत्रिका टाकायला आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "गांधीलमाशी चावली काय वो?" मी हो म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

टाके निघाले. महिना गेला, दीड महिना गेला. मी दर भेटीला विचारायचो आणि मॅडम दर भेटीला नाही म्हणायच्या. अखेर वैशाखात एक दिवस त्यांनी दात हलवून बघितला आणि म्हणाल्या, "उद्या वाद्य घेऊन या."

दवाखान्यात मी क्लार्नेट उघडलं. त्यांनी मला ते तोंडात धरायला लावलं, बाजूनं वाकून बघितलं, भार कुठं पडतो ते विचारलं. मग वाद्याच्या तोंडावर, जिथं दात टेकतात तिथं, रबराची पातळ पट्टी चिकटवायला सांगितली. तसली पट्टी वाद्यांच्या दुकानात मिळते आणि पुण्यातले वाजवणारे ती सर्रास लावतात, हे मला नंतर कळलं. "दिवसाला दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "दात चावून धरायचं नाही. ओठांनी धरा."

ओठांनी धरणं म्हणजे नव्यानं शिकणं. पहिल्या दिवशी छापखान्यात मशीन बंद करून वाजवलं. सूर पातळ, थरथरता, मधेच हवा सुटायची. तीन मिनिटांत ओठ थकले. बायको मागच्या घरात जेवणाची तयारी करत होती. मी थांबलो तेव्हा ती दारात आली, हात पुसत. डोळे ओले होते, पण ती कांदा चिरत होती.

"बरं वाजलं," ती म्हणाली.

"कुठलं बरं? फाटला सूर."

"फाटला. पण तुमचाच वाटला."

वैशाखाच्या शेवटी भुदरगडाकडच्या एका लग्नात मी लाल कोट घालून पुढं उभा राहिलो. बिद्रीचा तो तरुण शेजारी. आता आमच्या बँडमध्ये दोन क्लार्नेटं आहेत. वरची तान तो घेतो, खालची चाल मी सांभाळतो. त्या वरच्या सुराला मी त्या दिवशी गेलो नाही आणि अजूनही जात नाही. मॅडमनी मनाई केलेली नाही. मीच ठरवलं. लोकांना शिट्ट्या मारायला एक माणूस पुरतो.

त्या लग्नात जेवणं झाली आणि मी मांडवामागं नळापाशी गेलो. खिशातून डबी काढली आणि फटींतला बारीक ब्रश चालवायला लागलो. नवरीचे कुणी मामा हात धुवायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"पावणं, काय करतायसा ते?"

"दातांतलं काढतोय."

"काडीनं निघंल की."

"काडीनं हिरडी टोचती. ह्यानं नीट निघतं." मी चूळ भरली आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली. रक्त, फट, सात, तार, साखर. छापलेलं पत्रक जणू पाठच होतं. मामांनी ऐकता ऐकता खालचा ओठ ओढून दाखवला. "माझं बघा जरा. हितनं रगात येतंय."

"मी डॉक्टर न्हाय वो, क्लार्नेटवाला हाय."

"बघा की नुसतं."

मी वाकून बघितलं. मला बघून अजून दोघं आले. एक म्हणाला, वास येतोय काय सांगा. दुसरा म्हणाला, ह्या दाढंला हात लावून बघा, हलतीय काय. तिघं तोंडं उघडून नळापाशी ओळीनं उभे होते आणि मी पाण्याच्या तांब्यासकट त्यांच्यासमोर. मांडवातून दादाची हाक आली, "मास्तर, नवरा-नवरी निघाली, चला!" मी त्यांना कोल्हापुरात कुठं यायचं ते घाईघाईनं सांगितलं आणि क्लार्नेट उचलून पळालो. मामा मागून ओरडत होते, "आवो, पन दात हलतोय का न्हाय ते तर सांगा!"